बोकडांचं वजन अडकलं, लघवी तुंबते, खाटीक म्हणतो मटण पोचट : कुटार, सरकी ढेप आणि मक्याचं गणित कसं बसवावं?

शेळीगट_दारव्हा (प्रश्न)

नमस्कार. आमच्या बचत गटाकडे मटणासाठी बोकड आहेत. बहुतेक बेरारी, काही उस्मानाबादीशी संकर झालेले. वय चार-पाच महिने, वजन 12 ते 15 किलो. सकाळी दोन-तीन तास धुऱ्यावर आणि पडीत वावरात चरतात, बाकी वेळ गोठ्यात.

एका बोकडाला सध्या रोज मक्याचा भरडा 300 ग्रॅम आणि सरकी ढेप 150 ग्रॅम मिळते, दोन्ही सकाळी एकाच वेळी. सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) गव्हाणीत असतं, खातील तेवढं खातात. खनिज मिश्रण आणि मीठ देत नाही.

सुरुवातीला वजन भराभर वाढलं, आता जागच्या जागी आहे. लेंड्या मऊ, काहींच्या चिकट. दोन बोकड लघवीला जोर करतात, थेंब थेंब होते. खाटिकाची तक्रार अशी की गुर्द्याभोवती आणि आतड्यावर चरबी फार, मटण पोचट आणि वास जास्त. चरणाऱ्या बोकडाचा भाव याला देत नाही. त्यात मका महागला. व्यापारी म्हणतो, मक्याऐवजी डीडीजीएस (इथेनॉल कारखान्यातला धान्याचा सुका चोथा) घ्या, स्वस्त पडेल.

आमच्याकडे तुरीचं आणि हरभऱ्याचं कुटार भरपूर निघतं. सोयाबीनचं चांगलं की तुरीचं? ढेप किती द्यावी? डीडीजीएस घ्यावं का? आणि खाद्यानं मटणात खरंच फरक पडतो, की खाटीक भाव पाडायला बोलतो?

पशुआहार_अकोला

ताई, बाकी सगळं नंतर, आधी ते दोन बोकड बघा. हा मुतखडा आहे. शिश्नाच्या तोंडाजवळच्या केसांना बारीक वाळूसारखे कण चिकटलेले दिसतील. बोकड पाठ वाकवतो, शेपटी सारखी हलवतो, ओरडतो. लघवी पूर्ण बंद झाली तर एक-दोन दिवसांत मूत्राशय किंवा नळी फुटते, मग पोट खाली उतरल्यासारखं फुगतं आणि जनावर हाती लागत नाही. आजच पशुवैद्यकाला बोलवा. बोकडाच्या शिश्नाच्या टोकाला सुतासारखी बारीक नळी असते, खडा बहुतेक तिथंच अडकतो. डॉक्टर ते टोक कापतात आणि बऱ्याचदा तेवढ्यानं वाट मोकळी होते. या दोघांचा मका, ढेप पूर्ण बंद, फक्त कुटार, झाडपाला आणि स्वच्छ पाणी. लघवी बंद असलेल्या बोकडाला घरगुती औषध पाजत बसू नका, बळजबरीनं जास्त पाणीही पाजू नका.

कारण तुमच्या खुराकातच आहे. मक्यात स्फुरद (फॉस्फरस) कॅल्शियमच्या जवळजवळ दहापट असतो. सरकी ढेपेतही स्फुरदच जास्त. बोकडाला एकूण आहारात दोन भाग कॅल्शियमला एक भाग स्फुरद लागतो, तुमच्याकडे खुराकापुरतं हे प्रमाण उलटं पडलंय. जादाचा स्फुरद लघवीत उतरतो आणि त्याचे खडे होतात. कळपातल्या बाकीच्या बोकडांनाही तोच धोका आहे, त्यांची लघवी अजून तुंबलेली दिसत नसली तरी.

आता दुसरं. 12 किलोच्या बोकडाचं पोट दिवसाला कोरड्या वजनात 480-500 ग्रॅम घेतं, म्हणजे वजनाच्या 4 टक्के. तुम्ही 450 ग्रॅम खुराकच देता. मग कुटाराला जागा कुठं उरली? ते गव्हाणीत नुसतं पडून राहतं ते यामुळेच. चाऱ्याशिवाय रवंथ नाही, रवंथाशिवाय लाळ नाही, आणि लाळेतला सोडाच पोटातलं आम्ल मारतो. एकाच वेळी 300 ग्रॅम भरडा गेला की पोट आंबतं. मऊ-चिकट लेंड्या ही त्याची पहिली खूण, वजन अडकणं ही दुसरी. याच्या पुढची पायरी म्हणजे आंत्रविषार, आतड्यातल्या जिवाणूंच्या विषाचा आजार. धष्टपुष्ट बोकड रात्रीत मरून पडतो तो यानंच. लस झाली नसेल तर पहिला डोस आणि दोन-तीन आठवड्यांनी दुसरा, हे आधी उरकून घ्या.

15 किलोच्या बोकडासाठी मी असं बसवीन: खुराक 225 ग्रॅम, म्हणजे वजनाच्या दीड टक्का. तो दोन वेळा विभागून, आणि दोन्ही वेळा आधी कुटार खाऊन झाल्यावर. बाकी पोट कुटार आणि पाल्यानं भरायचं.

100 किलो खुराकाचं मिश्रण: मका भरडा 35, सरकी ढेप 20, तूर चुनी (डाळ करताना निघणारा चुरा) 20, गव्हाचा कोंडा 13, सोयाबीन डीओसी (तेल काढलेली पेंड) 8, खनिज मिश्रण 2, मीठ 1, कॅल्साइट पावडर 1. प्रथिनं 16 टक्क्यांच्या आसपास बसतात. कोंडा स्वस्त मिळाला म्हणून वाढवू नका, त्यात स्फुरद मक्यापेक्षाही खूप जास्त आहे. डॉक्टरांना विचारून या मिश्रणात 1 टक्का अमोनियम क्लोराइड घालता येतं, लघवी आम्ल राहते आणि खडे धरत नाहीत. किराणा दुकानातला नवसागर हेच रसायन आहे, पण तो कल्हईवाल्यांच्या कामाचा, शुद्धतेची खात्री नसते. पशुखाद्याच्या प्रतीचंच घ्या.

बदल दहा-बारा दिवसांत करा. मका रोज थोडा थोडा कमी, चुनी आणि कुटार वाढवत. वजनानुसार बोकडांचे दोन गट पाडा आणि प्रत्येकाला गव्हाणीत फूटभर जागा ठेवा. नाही तर दांडगा बोकड शेजारच्याचा वाटा खातो, आणि सरासरीचा हिशेब बरोबर असूनही आम्लानं आजारी तोच पडतो.

कुटाराचं म्हणाल तर तूर पहिली, हरभरा दुसरा, सोयाबीन तिसरं. सोयाबीन कापणीला येईपर्यंत पानं गळून गेलेली असतात. थ्रेशरमधून निघतं ते खोड आणि शेंगांची टरफलं. खोड लाकडासारखं, प्रथिनं 4-5 टक्के. तुरीच्या कुटारात पाल्याचा चुरा आणि शेंगेची साल असते, म्हणून बोकड ते निवडून खातात. निम्मं तुरीचं, उरलेल्या निम्म्यात हरभरा आणि सोयाबीन असं मिसळा. सोयाबीन कुटारातल्या जाड काड्या चाळून काढा, त्या ढोरांना चालतात. ऑक्टोबरच्या पावसात भिजून काळं पडलेलं सोयाबीन कुटार मात्र कुणालाच घालू नका, उकिरड्यावर टाका.

मळणीची माती हा आणखी एक त्रास. कुटार जाड चाळणीतून काढा आणि वाढताना मिठाच्या पाण्याचा हलका शिपका मारा. धूळ बसते, खाणंही वाढतं.

मांसतंत्र_नागपूर

खाटीक भाव पाडायला बोलत असेल, पण जे बोलतोय त्यात तथ्य आहे. त्याच्या तीन तक्रारी तीन वेगवेगळ्या कारणांच्या आहेत, त्या सुट्या करून बघा.

चरबी. शेळीची ठेवण अशी की जादाची ऊर्जा आधी पोटात साठते, गुर्द्याभोवती आणि आतड्याच्या जाळीवर. मांसाच्या धाग्यांमध्ये आणि कातडीखाली ती फार कमी जाते. म्हणून मका भरपूर आणि प्रथिनं तुटपुंजी अशा खाद्यावर बोकड तराजूत जड दिसतो, पण ते वजन खाटिकाला कवडीमोलानं विकावं लागतं. वाढत्या वयात प्रथिनं पुरली तर तीच ऊर्जा मांसात जाते. वरच्या पोस्टमधलं मिश्रण याच अंगानं बरोबर आहे.

पोचटपणा. धान्य फार झालं की पोटात प्रोपियॉनिक आम्ल इतकं बनतं की यकृताला सगळं पचवता येत नाही. उरलेल्यातून फाटे फुटलेली मेदाम्लं तयार होतात आणि चरबी घट्ट न राहता लिबलिबीत होते. हे आधी मेंढ्यांच्या कोकरांत सिद्ध झालं, करडांतही तसंच दिसतं. खाटिकाच्या बोटाला जो मऊपणा लागतो तो बहुतेक या चरबीचा. मांसाचा पोत त्याच्याशी जुळलेला नाही.

वास. हा मुख्यतः नराचा. वयात आला की शिंगांच्या मागच्या ग्रंथी सुरू होतात आणि चरबीत 4-इथाइलऑक्टॅनोइक नावाचं आम्ल उतरतं, बोकडाचा उग्र वास तो हाच. खाद्यानं तो कमी-जास्त होतो, मिटत नाही. पाच-सहा महिन्यांपासून माद्यांपासून वेगळे ठेवा आणि खाटकाला द्यायचे ते आठ-नऊ महिन्यांच्या आत काढा. कातडी सोलताना केसांचा हात मांसाला लागला तरी वास चढतो, ते काम खाटिकाचं आहे, त्यालाही सांगा.

खच्ची करावं का, हा पुढचा प्रश्न येईल म्हणून आत्ताच लिहितो. खच्ची केल्यानं वास जातो, पण चरबी वाढते आणि वाढीचा वेग थोडा उतरतो. फार लहानपणी केलं तर मूत्रनळी अरुंद राहते आणि मुतखड्याचा धोका वाढतो. तुमच्याकडे खडे आधीच दिसताहेत, तेव्हा तीन महिन्यांच्या आत तर नकोच. बकरी ईदसाठी राखलेले बोकड असतील तर गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय हात लावू नका.

आता खाद्याच्या पलीकडची गोष्ट, जिथं मटण सगळ्यात जास्त बिघडतं. जिवंत बोकडाच्या स्नायूचा सामू (पीएच) 7 च्या आसपास असतो. कापल्यावर स्नायूतलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, आम्लात बदलतं आणि सामू 5.5 ते 5.8 पर्यंत उतरतो. हे झालं तर मटणाला रंग, चव, टिकाऊपणा सगळं येतं. बोकड दोन दिवस उपाशी, गाडीत कोंबलेला, उन्हात उभा असेल तर ग्लायकोजेन आधीच जळून जातं. सामू 6 च्या वरच अडकतो. असं मटण काळपट, हाताला चिकट, आणि लवकर वास मारणारं. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या घरात असताना दुपारी भरलेली गाडी म्हणजे हेच. रात्री किंवा पहाटे भरा, 25 किलोच्या बोकडाला निदान अडीच-तीन चौरस फूट जागा द्या, वेगवेगळ्या कळपांतले नर एकत्र भरू नका कारण ते वाटभर टकरा घेतात. कापण्याआधी 12 तास चारा बंद, पाणी मात्र शेवटपर्यंत चालू.

बाजाराच्या सकाळी मीठ चारून पाणी पाजण्याची रीत काही ठिकाणी आहे. अनुभवी खाटीक पोटाला हात लावून ते ओळखतो आणि पुढच्या खेपेला सगळ्याच बोकडांचं वजन कापून धरतो.

कुटारावरच्या बोकडाचं पोट चाऱ्यानं भरलेलं असतं, त्यामुळे त्याचा उतारा खुराकावरच्या बोकडापेक्षा दोन-चार टक्क्यांनी कमी दिसतो. 12 तास उपाशी ठेवून 25 किलो भरलेल्या बोकडाचं सोललेलं धड 11 ते 11.5 किलो आलं, तर 44-46 टक्के, हा चांगला उतारा आहे. शेवटचे तीन-चार आठवडे खुराक वजनाच्या 2 टक्क्यांपर्यंत नेला तर चालतो. त्याच्या वर गेलात की परत गुर्द्याची चरबी.

आणि औषधं. ताप, जुलाब, जखम यासाठी टोचलेल्या औषधाचा अंश मांसात राहतो. लांब परिणामाचं ऑक्सिटेट्रासायक्लिन असेल तर साधारण 28 दिवस तो बोकड कापायला द्यायचा नाही. जंतनाशकालाही असाच काळ असतो, बाटलीवर लिहिलेला. गटाच्या वहीत बोकडाचा बिल्ला नंबर, औषध आणि तारीख टिपून ठेवा. मुतखड्याच्या दोन बोकडांना आता औषधं होतीलच, त्यांची नोंद आजपासून.

शेळीगट_दारव्हा

डॉक्टर येऊन गेले. एकाची वाट मोकळी झाली, दुसरा देखरेखीखाली आहे. औषधाची नोंद लिहिली. दोन प्रश्न राहिले. मका एकदम 300 वरून इतका उतरवला तर बोकड 25 किलोला पोचायला किती उशीर होईल? आणि डीडीजीएसबद्दल कुणी बोललं नाही.

कच्चामाल_अमरावती

ताई, आधी उशिराचं. 225 ग्रॅम खुराक आणि चांगलं तूर कुटार यावर 70-75 ग्रॅम रोजची वाढ धरा. 15 वरून 25 किलोला साडेचार महिने. मक्यावर पहिला महिना शंभराच्या वर वाढ दिसते, पण पोट आंबलं की ती थांबते, हे तुमच्याकडे घडलंच आहे. सरासरी काढली तर फरक फार उरत नाही, आणि मधे एखादा बोकड मेला तर सगळा नफा तिथंच संपतो.

त्यातला मका मोजा. 225 ग्रॅममध्ये 35 टक्के म्हणजे 79 ग्रॅम. साधारण किलोभर मक्यात किलोभर जिवंत वजन. आधी 300 ग्रॅम मका जात होता. माणसाच्या ताटात जाऊ शकणारं धान्य बोकडाला किती घालायचं, हा प्रश्न भावापेक्षाही मोठा आहे. एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या) संशोधकांनी 2017 साली हिशेब मांडला होता: जगातली जनावरं जे खातात त्यातलं 86 टक्के माणसाला खाता येण्यासारखं नाही, गवत, कुटार, पेंड, कोंडा असलं. रवंथ करणाऱ्या जनावरांत एक किलो बिनहाडाच्या मांसामागे माणसाच्या खाण्याजोगं अन्न सरासरी 2.8 किलो जातं. कोरडवाहू विदर्भात तूर, हरभरा, सोयाबीन आणि कापूस आहे, म्हणजे कुटार, चुनी आणि ढेप इथं घरची आहे. आपला बोकड त्या सरासरीच्या खूप खाली ठेवता येतो, आणि तो ठेवायला हवा.

आता डीडीजीएस. इथेनॉलच्या कारखान्यात मक्यातला स्टार्च आंबवून काढला की जो सुका चोथा उरतो तो हा. एक टन मक्यातून साधारण 300 किलो निघतो. डिसेंबर 2023 मध्ये केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉलवर बंधनं आणली, कारखाने मक्याकडे वळले, मका महागला आणि हा चोथा बाजारात भरपूर आला. मक्याच्या डीडीजीएसमध्ये प्रथिनं 26-30 टक्के, तांदळाच्यात 40-45. कागदावर स्वस्त आणि चांगलं दिसतं.

पण टनाचे 300 किलो झाले, म्हणजे स्टार्च सोडून उरलेलं सगळं तिपटीनं घट्ट झालं. प्रथिनं तिप्पट, स्फुरद तिप्पट, आणि मूळ मक्याला बुरशी असेल तर तिचं विषही तिप्पट. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष आंबवण्यानं मरत नाही, वाळवण्याच्या उष्णतेनंही जात नाही. कीड लागलेला, काळा मका कारखान्याला चालतो, तुमच्या बोकडाला नाही.

तुमच्याकडे मुतखडा चालू आहे, तेव्हा चार-सहा महिने डीडीजीएस नकोच. पुढं घ्यायचंच झालं तर ढेप आणि डीओसीच्या जागी, मक्याच्या जागी नाही, कारण त्यात स्टार्च फारसा उरलेला नसतो. व्यापारी "मक्याऐवजी" म्हणतो तिथंच चूक आहे. खुराकाच्या 10 टक्क्यांपासून सुरू करा, 15 च्या वर नेऊ नका आणि कॅल्साइट अर्धा किलोनं वाढवा. रंग सोनेरी-पिवळा हवा. तपकिरी, जळकट वासाचा माल म्हणजे वाळवताना करपलेला, त्यातली प्रथिनं पचत नाहीत. ओलावा 11-12 टक्क्यांच्या आत. व्यापाऱ्याकडे अफ्लाटॉक्सिनचा अहवाल मागा. जनावरांच्या खाद्यासाठी बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) मर्यादा अफ्लाटॉक्सिन बी1 साठी 20 पीपीबी, म्हणजे अब्जात 20 भाग, आहे. स्वतः तपासायला पाठवायचं तर एकाच पोत्याच्या वरचा मूठभर माल पाठवून उपयोग नाही. बुरशी ढिगात ठिकठिकाणी गोळ्यानं असते. दहा पोत्यांत वर, मधे, खाली बांबी (नमुना काढायची पोकळ सळई) खुपसून माल काढा, सगळा एकत्र कालवून त्यातला किलोभर पाठवा. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेच्या पशुपोषण विभागात चौकशी करा.

एक गोष्ट मनाला लागते ती सांगतो. डीडीजीएस जितकं खपतं तितकी सोयाबीन डीओसीची मागणी घटते, आणि डीओसी पडली की सोयाबीन पडतं. 2024-25 मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये असताना मोंढ्यात भाव त्याच्या बराच खाली होता. कारणं बरीच होती, त्यातलं हे एक. आपणच सोयाबीन पिकवायचं आणि आपणच बोकडाला डीडीजीएस घालायचं, याचा विचार गटानं करावा. 8 टक्के डीओसीनं खर्च काही फार वाढत नाही.

तणीस_गोंदिया

आमच्याकडे कुटार कमी, तणीस (भाताचा पेंढा) जास्त. तिला युरिया प्रक्रिया करून देतात. तसं सोयाबीन कुटारावर केलं तर प्रथिनं वाढतील ना? ढेपेचा खर्च वाचेल.

पशुआहार_अकोला

भाऊ, तणसीला आणि गव्हांड्याला ती प्रक्रिया फळते, सोयाबीनच्या कुटाराला नाही. तणसीत अमोनिया तंतूंची वीण सैल करतो, पचन वाढतं आणि प्रथिनं साडेतीन-चारवरून सात-आठ टक्क्यांवर जातात. सोयाबीनच्या खोडातलं लिग्निन (खोडाला लाकडासारखं कडक करणारं द्रव्य) वेगळ्या जातीचं आणि जास्त, तिथं पदरात फारसं पडत नाही. आणि कच्च्या सोयाबीनच्या दाण्यात युरिएज नावाचं विकर असतं. कुटारात सांडलेले दाणे राहिलेच तर ते युरियाचा अमोनिया झपाट्यानं करतात, पोटात ते झालं तर जनावर तासाभरात आडवं होतं.

तणसीसाठी पद्धत: 100 किलो तणसीला 4 किलो युरिया, 50 लिटर पाणी. युरिया पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायचा. प्लास्टिकवर तणसीचा वीतभर थर, त्यावर झारीनं पाणी, पायानं तुडवायचं, मग दुसरा थर. शेवटी प्लास्टिकनं चारी बाजूंनी हवाबंद करून वर माती. 21 दिवस उघडायचं नाही. नीट झालेली तणीस पिवळसर-तपकिरी, मऊ आणि अमोनियाच्या झणझणीत वासाची असते. वासच नसेल आणि पांढरी बुरशी दिसली तर हवा शिरलेली आहे, तो भाग फेकायचा. रोजची काढून दोन तास उघडी पसरा, मग द्या.

सहा महिन्यांखालच्या पिल्लांना नाही, त्यामुळे ताईंच्या बोकडांना सध्या तरी नाहीच. सगळ्यात जास्त मरतुक होते ती उरलेल्या युरियाच्या पाण्यानं. बादली, झारी, टाकं तिथंच राहतं आणि तहानेली शेळी तोंड घालते. काम संपताच धुऊन उपडं घाला. थरथर, तोंडाला फेस, पोटफुगी दिसली तर डॉक्टर येईपर्यंत थंड पाण्यात अर्धा लिटर व्हिनेगर हळूहळू पाजा, मान फार उंच न करता.

तणसीवरच्या शेळ्यांना कॅल्शियम वेगळं लागतंच. तणसीतलं ऑक्झॅलेट आहे ते कॅल्शियमही बांधून ठेवतं.

ढेप_पारखी_वणी

सरकी ढेपेचं कुणी फार बोललं नाही म्हणून लिहितो. 20 टक्के प्रमाण बरोबर. सरकीत गॉसिपॉल नावाचं विष असतं. रवंथ सुरू झालेल्या जनावराच्या पोटात ते बऱ्यापैकी बांधलं जातं, पण तीन महिन्यांखालच्या पिल्लाचं पोट तेवढं तयार नसतं, त्याला ढेप घालायचीच नाही. गाभ भरवायला ठेवलेल्या नराची ढेपही कमी ठेवा, गॉसिपॉलनं वीर्य बिघडतं.

ढेप घेताना तुकडा मधोमध फोडून बघा. बाहेरून साफ आणि आत हिरवट-काळा डाग, जाळी, कुबट वास असेल तर परत करा. पावसाळ्यात साठा महिनाभराचाच. पोती भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळ्यांवर.

भेसळ दोन प्रकारची. माती-रेती असेल तर काचेच्या ग्लासात चमचाभर ढेप पाण्यात ढवळा, रेती लगेच तळाला बसते. दुसरी युरियाची, प्रथिनं जास्त दाखवायला घालतात. ढेपेचं कोमट पाण्यातलं गाळलेलं पाणी घ्या, त्यात कच्च्या सोयाबीनचं चमचाभर पीठ टाका, झाकण लावून अर्धा तास कोमट जागी ठेवा. उघडल्यावर अमोनियाचा वास आला तर युरिया आहे. वर सांगितलेलं युरिएज इथं आपल्या कामाला येतं. पीठ भाजलेल्या सोयाबीनचं नको, भाजल्यानं ते विकर मरतं.

शेवटची वेचणी झाल्यावर पऱ्हाटीत बकऱ्या सोडतात. शेवटच्या फवारणीचं औषध आणि तारीख वावरवाल्याला विचारल्याशिवाय सोडू नका. कोवळी ज्वारी, विशेषतः कापल्यावर फुटलेले फुटवे आणि पाण्याच्या ताणानं कोमेजलेली, यांत प्रुसिक आम्ल नावाचं जहाल विष असतं. दोन फुटांच्या आतल्या फुटव्यांत बकरी जाऊच द्यायची नाही.

झाडपाला_चिमूर

ताई, धुऱ्यावर चारताच, तर तिथंच पाला वाढवा. सुबाभूळ, शेवगा, अंजन, शेवरी. पाल्यात कॅल्शियम भरपूर, म्हणजे मुतखड्यालाही उतारा, आणि पाला-गवत खाणाऱ्या बोकडाच्या चरबीत ओमेगा-3 जास्त, मक्यावरच्यात ओमेगा-6. खाटीक चरणाऱ्या बोकडाला जास्त भाव देतो त्याला आधार आहे. शेळीची चरबी मात्र हिरव्या चाऱ्यानं गाईसारखी पिवळी पडत नाही, शेळी कॅरोटिन साठवत नाही. तेव्हा चरबी पांढरी म्हणून बोकड गोठ्यातला, असं कुणी म्हणालं तर पटवून घेऊ नका.

सुबाभळीत प्रथिनं 20 टक्क्यांच्या वर, पण मिमोसिनही आहे. एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेली तर केस गळतात, लाळ गळते, गलगंड होतो. हवाईतल्या शेळ्यांच्या पोटात हे विष पचवणारे जिवाणू सापडले आणि ऑस्ट्रेलियातल्या जनावरांच्या पोटात सोडले गेले, पण आपल्याकडे त्याच्या भरवशावर राहू नका, मिसळूनच द्या. बाभळीच्या शेंगा वाळवून कुटून रोज 100 ग्रॅमपर्यंत चालतात. त्यातलं टॅनिन (तुरट द्रव्य) थोडं असेल तर जंत दबतात आणि प्रथिनं पोटात वाया न जाता पुढं आतड्यात पचतात. जास्त झालं तर भूक मरते आणि लेंड्या खडखडीत होतात. लेंडी बघून प्रमाण ठरवा.

शेळीगट_दारव्हा

सगळ्यांचे आभार. उद्यापासून भरडा कमी करायला घेतो. गटात वजनकाटा आहे, पण वजनं कधी जास्त, कधी कमी येतात, त्यावरून खाद्य लागू पडतंय की नाही हे कसं ओळखायचं?

पशुआहार_अकोला

पोटात चारा-पाणी किती आहे यावर 15 किलोच्या बोकडात किलो-दीड किलोचा फरक सहज पडतो. म्हणून दर पंधरा दिवसांनी, सकाळी, चारा-पाण्याच्या आधी, त्याच काट्यावर वजन घ्या. पंधरा दिवसांत एक किलोच्या आसपास वाढ दिसली तर खाद्य लागू आहे. पहिल्या पंधरवड्यात वजन घटलेलंही दिसेल, पोटाला नवं खाद्य सवयीचं होईतोवर. घाबरून मका परत वाढवू नका, लेंड्या बघा. त्या गोल, सुट्या, चकाकत्या झाल्या की वजन पाठोपाठ येतं. काट्यासोबत कमरेला हात लावायचा: मणक्यांची टोकं बोटाला लागावीत पण टोचू नयेत. ती लागेनाशी झाली आणि बोकड अजून 20 किलोच्या आत असेल, तर चरबी चढतेय, खुराक 25 ग्रॅमनं उतरवा.